दुचाकीचा नवा टायर कसा रुळवावा

दुचाकीचा टायर बदलून दुकानाबाहेर पडणाऱ्या माणसाला वाटते की आता गाडी रस्ता घट्ट धरून चालेल. पंधरा दिवसांनी ते खरेही ठरते. पहिल्या दिवशी मात्र नव्या टायरची पकड त्याच्या पूर्ण क्षमतेपेक्षा कमी असते आणि पहिल्यांदाच टायर बदलणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा कोणी समजावून सांगत नाही. हा लेख अशाच नवख्या दुचाकीस्वारांसाठी, विशेषतः विदर्भातील खेड्यापाड्यांतून रोज तालुक्याला ये-जा करणाऱ्यांसाठी लिहिला आहे.

पकड कमी असण्याचे कारण टायर तयार होण्याच्या रीतीत आहे. टायर साच्यात दाबून, तापवून पक्का केला जातो. साच्याच्या आतील भागाचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा रबरावर उतरतो, आणि टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंशही कधी कधी त्यावर राहतो. शिवाय रबर ऊन-हवेने चिरू नये म्हणून त्यात मिसळलेले मेणासारखे घटक हळूहळू पृष्ठभागावर येतात. डांबरी रस्ता वरून सपाट दिसला तरी त्यात खडीची असंख्य बारीक टोके असतात. रबर त्या टोकांवर दबून त्यांना धरते तेव्हा पकड निर्माण होते. वरचा चकचकीत थर झिजून आतील ताजे, किंचित खरखरीत रबर उघडे पडेपर्यंत ही पकड अपुरीच राहते. जुन्या आणि नव्या टायरवर अंगठा फिरवून पाहिल्यास फरक लगेच कळतो. जुन्यावर अंगठा अडतो, नव्यावर तो मेणकागदावरून जावा तसा सरकतो.

या लेखातील मुख्य मुद्दा मला एका पडण्यातून कळला, म्हणून तो प्रसंग सांगणे आवश्यक आहे. काही वर्षांपूर्वी जूनच्या मध्यावर मी गाडीचा मागचा टायर बदलला. "शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून चालवा," असे मला सांगण्यात आले होते. दुसऱ्याच दिवशी कामानिमित्त यवतमाळहून नागपूरला जाऊन परत आलो, म्हणजे जवळपास तीनशे किलोमीटर झाले, आणि टायर रुळला असे मी गृहीत धरले. त्यानंतर दोन दिवसांनी गावच्या फाट्यावर डावीकडे वळताना, वेग तीसच्या आत असताना, मागचे चाक अचानक बाहेर सरकले आणि मी गाडीसह आडवा झालो. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर काळी माती आणून टाकली होती, हे खरे. परंतु माझ्या पुढच्या दोन गाड्या त्याच मातीवरून सुखरूप वळून गेल्या होत्या. गुडघा धुऊन झाल्यावर मी टायर नीट पाहिला. मधला तीन बोटांचा पट्टा राखाडी आणि खरखरीत झाला होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंचे रबर काळेभोर चकाकत होते आणि साच्यातून आलेले बारीक रबरी केस तेथे तसेच उभे होते. वळणावर गाडी कलली तेव्हा ती नेमकी त्या न घासलेल्या भागावर टेकली होती.

आपल्याकडील बरेचसे रस्ते सरळ आणि सपाट आहेत. त्यांवर पाचशे किलोमीटर गेले तरी टायरच्या कडा जमिनीला लागत नाहीत. म्हणून शंभर, दीडशे किंवा दोनशे हा आकडा केवळ मधल्या पट्ट्याचा समजावा आणि टायर रुळला की नाही, हे मीटरवर न ठरवता टायर पाहून ठरवावे.

टायर घेताना आणि बसवताना

काळजीची सुरुवात दुकानातच होते. टायरच्या बाजूवर ८०/१००-१८ असा आकार लिहिलेला असतो. त्यात ८० ही मिलिमीटरमधील रुंदी, १०० म्हणजे उंची रुंदीच्या शंभर टक्के, आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास. कंपनीने आपल्या गाडीसाठी दिलेला आकारच घ्यावा. रुंद टायर घातल्याने पकड वाढते या समजुतीपायी मूळ रिमवर मोठा टायर चढवल्यास त्याचा आकार बिघडतो आणि कधी तो साखळीला किंवा मडगार्डला घासू लागतो. आयएसआय चिन्ह पाहावे. त्याचबरोबर चार आकडी उत्पादन क्रमांक शोधावा: २३२५ असे लिहिले असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. दुकानात तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर दिसायला नवा असला तरी त्याचे रबर कडक झालेले असू शकते आणि तसे असल्यास टायर रुळवूनही त्याला ताज्या टायरची पकड येत नाही. किंमत थोडी कमी मिळते म्हणून तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवताना समोर उभे राहावे. बाजूवरील बाणाची दिशा चाक फिरण्याच्या दिशेशी जुळली पाहिजे. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूबही नवीनच घालावी, कारण जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडते. ती घडी पुढे त्याच ठिकाणी घासून फाटते. स्पोकच्या चाकात रिमवरची रबरी पट्टी जागेवर आहे का, तेही पाहून घ्यावे.

टायरची कड रिमवर सहज चढावी म्हणून साबणाचे पाणी लावले जाते. ते आवश्यक आहे, पण ते पूर्ण वाळेपर्यंत टायर रिमवर फिरू शकतो. त्यामुळे पहिले चोवीस तास जोरात ब्रेक मारू नये आणि झटक्याने क्लच सोडू नये. टायर सरकतो की नाही हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. व्हॉल्व्हजवळ टायर आणि रिम या दोन्हींवरून जाईल अशी खडूची एक सरळ रेघ ओढावी आणि दुसऱ्या दिवशी ती जुळते का ते पाहावे. ट्यूबच्या चाकात व्हॉल्व्ह एका बाजूला कललेला दिसला, तर टायर ट्यूबला सोबत घेऊन सरकला आहे असे समजून चाक पुन्हा उघडून घ्यावे. तसेच चालवल्यास व्हॉल्व्ह मुळाशी तुटतो आणि हवा एकदम जाते.

टायरच्या बाजूवर रिमच्या काठाला समांतर एक बारीक उंच रेघ असते. हवा भरल्यावर ती रेघ सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी ती रिमच्या आत दबलेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, आणि असे चाक चालताना उड्या मारते.

मागचे चाक काढले असेल तर साखळीचा ताण, साखळी ताणण्याच्या जागेवरील दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का, एक्सलचा नट आणि ब्रेक प्लेटला धरून ठेवणारी पट्टी घट्ट आहे का, हे सर्व तपासावे. दुकानातून निघण्यापूर्वी जागेवरच ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहावा. डिस्क ब्रेक असेल तर चाक बसवल्यावर पहिल्या दाबाला लिव्हर पोकळ जाऊ शकतो. हे रस्त्यावर समजण्याऐवजी दुकानाच्या पायरीशी समजलेले केव्हाही चांगले.

हवा

हवा गाडीच्या पुस्तिकेत किंवा साखळीच्या कव्हरजवळच्या पट्टीवर दिली असेल तेवढीच भरावी. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांसाठी पुढे पंचविसाच्या आसपास आणि मागे एकट्यासाठी अठ्ठावीसच्या आसपास, तर दोघांसाठी त्याहून अधिक पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) असा हिशोब असतो. हवा कमी ठेवली की टायर लवकर रुळतो, असा सल्ला गावोगावी दिला जातो. तो चुकीचा आहे. कमी हवेने टायरच्या भिंती जास्त वाकतात, टायर तापतो, रिमवर सरकण्याची शक्यता वाढते आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. खड्ड्यांचा रस्ता म्हणून हवा जास्त भरणेही तितकेच चुकीचे, कारण मग टायर फक्त मध्यावर टेकतो आणि ज्या कडा रुळवायच्या आहेत त्या आणखी वर राहतात. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. उन्हाळ्याच्या दुपारी चाललेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढू नये. फाट्यावरच्या पंपाचे मीटर बिघडलेले असणे नेहमीचेच आहे, त्यामुळे स्वतःचा लहान गेज घेऊन डिक्कीत ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी हवा पुन्हा एकदा मोजावी.

पूजा झाल्यानंतर

आपल्याकडे नव्या गाडीची, पुष्कळदा नव्या टायरचीही, पूजा होते. चाकाखाली लिंबू चिरडले जाते, नारळ फुटतो, हळद-कुंकू लागते, दिव्याचे तेल सांडते. हे सर्व श्रद्धेने करावे, आणि नंतर टायरचा जमिनीला लागणारा भाग ओल्या फडक्याने पुसून, कोरडा करून मगच गाडी हलवावी. दुकानदार टायर चमकावण्यासाठी पॉलिश लावत असेल तर ते बाजूच्या भिंतीपुरतेच ठेवण्यास सांगावे; नक्षीवर लागलेले पॉलिश पहिल्याच वळणावर घात करते. चकाकी काढण्यासाठी काही जण टायर रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुतात. त्याने रबर खराब होते आणि वर तेलकट थर राहतो. सँडपेपरने घासण्याचीही गरज नाही, कारण हाताने घासलेला थर सगळीकडे सारखा निघत नाही. रबरी केस कापण्यात वेळ घालवू नये, ते आपोआप जातात.

पहिले शंभर किलोमीटर

गोऱ्ह्याला पहिल्यांदा वखराला जुंपतो तेव्हा त्याच्याकडून कोणी एकरभर वाही मागत नाही. दोन-चार तास हलक्या रानात फिरवून सोडतो. पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये नव्या टायरशी तसेच वागावे. कोरड्या, स्वच्छ डांबरी रस्त्यावर, दिवसाउजेडी, चाळीस-पन्नासच्या वेगाने चालावे. पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे. दोन्ही ब्रेक एकत्र, आधी हलके आणि मग वाढत्या दाबाने लावावेत. या हळूहळू वाढवलेल्या ब्रेकने आणि थ्रॉटलने रबराला थोडी ऊब मिळते व मधला पट्टा लवकर तयार होतो. चाक जागेवर फिरवून धूर काढणे मात्र टाळावे.

शक्य असेल तर या काळात मागे कोणी बसवू नये. ग्रामीण भागात दुचाकी हीच मालगाडी असते याची मला कल्पना आहे: युरियाची ४५ किलोची गोणी टाकीवर, मागे घरचे माणूस आणि हँडलला दुधाची कॅन, असे चित्र रोज दिसते. तरीही चार दिवस गोणी शेजारच्या बंडीतून आणावी. वजन वाढले की थांबण्याचे अंतर वाढते, आणि नव्या टायरवर ते आधीच वाढलेले असते.

जुना टायर झिजून मध्यभागी सपाट झालेला असेल तर आणखी एक बदल जाणवेल. नव्याचा आकार पूर्ण गोल असल्यामुळे गाडी वळणात पूर्वीपेक्षा पटकन कलते. जुन्या सवयीने हँडलला तेवढाच जोर दिल्यास गाडी अपेक्षेपेक्षा आत पडते आणि घाबरून ब्रेक मारला जातो. हा बिघाड नाही, गाडीची मूळ चाल परत आली आहे. परंतु हाताला तिची सवय होण्यास एक-दोन दिवस लागतात.

एबीएसवर भरवसा ठेवून ही काळजी सोडू नये. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालील गाड्यांना किमान संयुक्त ब्रेक प्रणाली (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागणे) सक्तीची झाली. एबीएस ब्रेक लावताना चाक जाम होऊ देत नाही, पण टायरमध्ये नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही, आणि कललेल्या गाडीचे चाक आडवे निसटले तर साध्या एबीएसचा फारसा उपयोग होत नाही.

कडा रुळवणे

मधला पट्टा राखाडी झाल्यावर खरे काम सुरू होते. त्यासाठी मोकळी, कोरडी आणि खडी नसलेली जागा शोधावी: सुट्टीच्या दिवशी बाजार समितीचे पक्के आवार, किंवा सकाळी रिकामा असणारा रुंद रस्ता. मैदानाची मुरमाड जमीन यासाठी निवडू नये. मुरमाच्या सुट्या खड्यांवर रुळलेला टायरसुद्धा घसरतो, आणि नवखा माणूस तेथे पडून शिकतो.

प्रथम पायी एक फेरी मारून खडे, ऑइलचे डाग, सांडलेले धान्य पाहून घ्यावे. मग वीसच्या वेगाने मोठा गोल घ्यावा, साधारण बैलजोडी सहज वळेल त्याच्या दुप्पट. वेग एकसारखा ठेवावा, वळणात ब्रेक लावू नये आणि नजर समोरच्या जमिनीवर न ठेवता गोलाच्या पुढच्या टप्प्यावर ठेवावी. डावीकडे आठ-दहा गोल झाले की तेवढेच उजवीकडे घ्यावेत. त्यानंतर थांबून टायर पाहावा. राखाडी पट्टा दोन्ही बाजूंना दोऱ्याएवढा रुंदावलेला दिसेल. पुढच्या वेळी गोल थोडा लहान करावा किंवा वेग किंचित वाढवावा, म्हणजे कल थोडा वाढेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलू नयेत. एका बैठकीत सगळे उरकण्याचा आग्रह धरू नये. रोज पंधरा मिनिटे, असे चार-पाच दिवस पुरतात. रोजच्या रस्त्यावरची ओळखीची वळणेही याच पद्धतीने, दररोज थोड्या अधिक कलाने घेता येतात.

टायरची शेवटची कड चकाकती राहिली तर चिंता करू नये. साध्या वापरात गाडी तेवढी कलतच नाही. मात्र आपण जेवढे कलतो त्याच्या पलीकडे दोन-तीन मिलिमीटर तरी पट्टा रुळलेला असावा, म्हणजे अचानक रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे आल्यास गाडी वळवायला थोडी जागा उरते. टायर रुळेपर्यंत संध्याकाळनंतर जंगलालगतच्या रस्त्याने न जाणे अधिक चांगले.

पुढचा टायर नवा असेल तर हे सर्व अधिकच सावकाश करावे. मागचे चाक निसटले तर सावरण्याची थोडीफार संधी मिळते, पुढचे निसटले तर ती जवळजवळ नसते.

हंगाम आणि रस्ते

टायर कधी बदलावा, हेही आपल्या हाती असते. पावसाळ्याच्या तोंडावर, जुना टायर गुळगुळीत झाल्याचे लक्षात आल्यावर दुकानात धावणारे अनेक जण असतात आणि मग टायर रुळवण्याचे दिवस नेमके चिखलात जातात. नक्षीच्या खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला येऊ लागली की मृग लागण्याची वाट न पाहता मेच्या मध्यावरच टायर बदलावा. ७ जूनच्या सुमारास मृग लागेपर्यंत कोरड्या रस्त्याचे दोन-तीन आठवडे मिळतात. मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि दुपारी काही रस्त्यांवर डांबर पाझरून काळे तुकतुकीत पट्टे दिसतात, तेव्हा सराव सकाळी नऊच्या आत संपवावा.

पावसातच बदलावा लागला तर अंतराचा हिशोब सोडून द्यावा, कारण ओल्या रस्त्यावर चकाकी फार हळू जाते. पहिल्या सरींमध्ये रस्त्यावरचे साचलेले तेल आणि धूळ एकत्र येऊन निसरडा थर तयार होतो. पेरणीच्या दिवसांत वावराच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती पसरलेली असते. ती वाळलेली असताना ढेकळासारखी फुटते, पण भिजली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि नवा-जुना सगळा टायर गोटा बनतो. अशा जागी वळणाआधीच वेग उतरवून गाडी शक्य तितकी उभी ठेवावी. पांदण रस्त्यावरून येऊन डांबरीवर चढल्यावर पहिले शे-दोनशे मीटर सरळ व हळू चालून खाचांतली माती झडू द्यावी.

गावातील सिमेंट रस्त्यावर नाल्यालगत शेवाळ धरते. दिवाळीच्या आधी सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेले असते आणि त्याचे गोल दाणे चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. पुलांचे लोखंडी सांधे, झेब्रा पट्टे, पंपावर सांडलेले डिझेल यांवरून जाताना ब्रेक आणि कल दोन्ही टाळावेत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रबर थंडीने कडक असते, म्हणून पहिले चार-पाच किलोमीटर सावकाश जावे.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाण्याचा बेत नव्या टायरच्या आनंदात लगेच आखू नये. घाटात उतारावर ब्रेक आणि वळण एकाच वेळी येतात, पावसाळ्यात धुके आणि ओल असते. कडा रुळल्यानंतर, कोरड्या दिवशी जावे.

दोन आठवड्यांनी

साधारण पंधरा दिवसांनी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दोन्ही चाके हाताने फिरवावीत आणि टायर सावकाश पाहावा. पट्टा दोन्ही बाजूंना सारखा रुंद आहे का, खडूच्या रेघेची जागा बदलली आहे का, कुठे फुगवटा किंवा अडकलेला खिळा आहे का, हवा किती कमी झाली आहे, हे तपासावे. पट्टा एकाच बाजूला जास्त रुंद असेल तर बहुतेक वेळा आपणच एका बाजूला वळायला कचरत असतो. त्या बाजूचे गोल वाढवावेत. गाडी मात्र सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढत असेल तर चाकाचे संरेखन, म्हणजे दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, हे तपासून घ्यावे. शेवटी टायर बदलल्याची तारीख, मीटरवरचा आकडा आणि टायरचा उत्पादन क्रमांक गाडीच्या पुस्तिकेत लिहून ठेवावा.